मागील पानावरून पुढे

माझ्या कादंबरीच्या नवव्या प्रकरणात एक बाई जिना चढते. जिन्याच्या मधल्या पायरीवर, एक हात कठड्यावर ठेवून, ती एकोणीस दिवस उभी होती. त्यात लेखनतंत्र वगैरे काही नाही. ती चढत होती आणि थोरलीच्या पाठीवर पहिला फोड दिसला. कांजिण्यांचे अकरा दिवस, त्याला लागूनच ऑफिसातल्या तिमाहीअखेरचे आठ. विसाव्या दिवशी रात्री वही उघडली तेव्हा बाई होती तिथेच होती. मला मात्र ती वर कशाला निघाली होती ते काही केल्या आठवेना.

कारण जबरदस्त होतं, एवढं नक्की. ते सुचलं तेव्हा मी खुर्चीतून उठून खोलीत एक फेरी मारली होती, हेही आठवत होतं. कारण तेवढं गेलं. दोन रात्री त्याच्या मागे घालवल्या आणि मग हात टेकले. तिला वरच्या खोलीतून एक जुना फोटो आणायला पाठवून दिलं. छापील पुस्तकात ती फोटोच आणते. कुणाला काही खटकलेलं नाही. मला खटकतं.

कादंबरी पूर्ण व्हायला पावणेआठ वर्षं लागली. सुरू केली तेव्हा थोरली चौदा महिन्यांची होती, हातात आली तेव्हा ती नऊची होत आली होती आणि मधल्या काळात धाकटा येऊन चालायला, बोलायला, भांडायला लागला होता. नोकरी पूर्ण वेळ, हिशेब विभागात. 'वेळ कसा काढलास गं?' हा प्रश्न इतक्यांनी विचारला की त्याचं एक ठरलेलं, हसून द्यायचं उत्तर तयार झालं आहे. खरं उत्तर लांबलचक आहे आणि ते वेळेबद्दल फारसं नाहीच.

मुलं होण्याआधी मी कथा लिहायचे. रविवारी दार लावून, फोन बंद करून, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. बैठक मोडली की कथा मोडली, अशी पक्की समजूत. या समजुतीला थोरामोठ्यांचा पुरावाही होता. काफ्काने १९१२ च्या सप्टेंबरात एक आख्खी कथा एका रात्रीत, दहापासून पहाटे सहापर्यंत न उठता लिहून काढली होती, आणि तोही माझ्यासारखाच नोकरदार, विमा संस्थेतला. तो बिनलग्नाचा होता आणि त्याची कचेरी दुपारी दोनला सुटायची, हा तपशील मी सोयीस्करपणे वगळत असे.

बाळंतपणानंतर रविवार नाहीसा झाला. कॅलेंडरवर होता, पण त्याला कडा उरल्या नव्हत्या. चौदा महिने मी एक ओळ लिहिली नाही, आणि गंमत म्हणजे या काळात मी स्वतःला लेखक म्हणवून घेत होते. विचारलं कुणी तर 'सध्या मनात घोळतंय' म्हणायचं. मनात काही घोळत नव्हतं. झोप घोळत होती.

मग पहाटेचा प्रयोग केला. टोनी मॉरिसन मुलं लहान असताना त्यांची पहिली हाक यायच्या आधी, पाचच्या सुमारास लिहायला बसत असे. दोन मुलगे, प्रकाशनसंस्थेत संपादकाची नोकरी, आणि पहिली कादंबरी आली १९७० साली, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी. हे वाचून मला स्फुरण चढलं. मी साडेचारचा गजर लावला. पहिल्या दिवशी चाळीस मिनिटं मिळाली, दुसऱ्या दिवशी पंचवीस. तिसऱ्या दिवसापासून थोरलीला कसं कोण जाणे, माझ्या उठण्याचा सुगावा लागायला लागला. मी पाऊल न वाजवता खोलीबाहेर पडायचे आणि पाच मिनिटांत पाळण्यातून हुंकार यायचा. मी पावणेचारचा गजर लावला. तिने पावणेचारची जाग धरली.

तीन आठवडे हे रेटलं. त्याची किंमत ऑफिसात दिसली. एका ताळमेळाला २७० चा फरक येत होता आणि तो मला दोन तास सापडेना. आमच्या धंद्यात शिकाऊ पोरालाही ठाऊक असतं की फरकाला नवाने भाग जात असेल तर आधी आकड्यांची अदलाबदल झाली आहे का ते बघावं. १,८५४ च्या जागी मी १,५८४ लिहिलं होतं. चूक हातून झाली याचं मला काही वाटलं नाही, आकड्यांत राहून ती कुणाच्या हातून होत नाही? पण नवाने भाग लावून बघायचं मला सुचलंच नाही, याची भीती वाटली. ज्या डोक्याला हे सुचत नाही ते डोकं पहाटे साडेचारला काय कादंबरी लिहीत असेल? त्या तीन आठवड्यांतली पानं काढून वाचली. गूळगुळीत होती, कुठेही धार नाही. पहाट सोडली.

पहाटेच्या लेखकांचा मेरुमणी म्हणजे अँथनी ट्रोलप. टपाल खात्यात तेहेतीस वर्षं नोकरी आणि सत्तेचाळीस कादंबऱ्या. साडेपाचला टेबलाशी, समोर घड्याळ, दर पाव तासाला अडीचशे शब्द. त्याच्या मृत्यूनंतर १८८३ साली आलेल्या आत्मचरित्रात हे सगळं आहे. लेखनाच्या शिस्तीवर बोलणारे लोक हे आकडे हमखास सांगतात. त्याच पानांत ट्रोलप आणखी एक गोष्ट सांगतो: त्याला उठवायला एक म्हातारा मोतद्दार ठेवलेला होता, त्या कामासाठी त्याला वेगळे पैसे मिळत, आणि आपल्या यशाचं सर्वांत मोठं देणं बहुधा या माणसाचंच लागतं असं ट्रोलप मोकळेपणी कबूल करतो. मोतद्दाराला कोण उठवत होतं, ते मात्र लिहिलेलं नाही.

पण त्याच आत्मचरित्रातली तिसरी एक गोष्ट मला पुढे फार उपयोगी पडली. तीन तासांच्या बैठकीतला पहिला अर्धा तास तो आदल्या दिवशीचं लिखाण वाचण्यात घालवायचा. मी ते वाचलं तेव्हा त्यावरून नुसती पुढे गेले होते.

पहाट फसल्यावर मी हिशेबनीस करतो ते केलं. आकडे जमवले. तीन आठवडे एका छोट्या वहीत रिकामा मिळालेला प्रत्येक तुकडा मिनिटांत लिहून ठेवला. थोरली दुपारी झोपल्यावर, बसमध्ये, दवाखान्यात नंबर यायची वाट बघताना, रात्री आवराआवर झाल्यावर आणि डोळे मिटायच्या आत. आठवड्याला सरासरी दहा तुकडे निघाले, प्रत्येकी वीसेक मिनिटांचे. म्हणजे २०० मिनिटं. तीन तास वीस मिनिटं! मला वाटलं होतं शून्य असेल. दोन-तीन दिवस मी हवेत होते.

मग पुढचा रकाना आखला, प्रत्यक्ष लिहिणं किती मिनिटं झालं त्याचा. वीसपैकी बारा मिनिटं प्रत्येक वेळी आत शिरण्यातच जात होती. मागची दोन पानं वाचायची, ही बाई आता चिडलेली आहे की चिडून झालं आहे ते आठवायचं, खिडकी उघडी होती की बंद ते शोधायचं, डोक्यातून ऑफिसचं पत्र बाहेर काढायचं. उरलेल्या आठ मिनिटांत दोन वाक्यं आणि तिसऱ्याला हाक. आठवड्याच्या २०० मिनिटांतली १२० नुसती दार शोधण्यात.

या प्रकाराला अभ्यासकांनी नावही दिलेलं आहे. सोफी लरॉय या संशोधक बाईंनी २००९ साली त्यावर निबंध लिहिला: एका कामातून उठून दुसऱ्यात गेलं की पहिल्या कामाचा अवशेष लक्षात चिकटून राहतो आणि दुसरं काम त्यामुळे बिघडतं, विशेषतः पहिलं अर्धवट सुटलेलं असेल तर. आईच्या दिवसात पूर्ण सुटलेलं असं काही असतं का, हा माझा त्यांना प्रश्न राहील.

उपाय सापडला तो ऑफिसात. मी नोकरीला लागले तेव्हा आमच्या विभागात एक निवृत्तीला आलेले हेडक्लार्क होते. सगळं संगणकावर गेलं होतं तरी ते एक खतावणी हाताने लिहीत, हौस म्हणून. पानाच्या तळाशी बेरीज आणि शेजारी 'पुढे नेले'. पुढच्या पानाच्या माथ्यावर तोच आकडा आणि 'मागील पानावरून'. मी एकदा त्यांना म्हटलं होतं, "काका, एकच आकडा दोनदा कशाला लिहायचा?" ते म्हणाले, "आज रात्री मी गेलो, तर उद्या येणाऱ्याला पहिल्यापासून बेरीज करत बसायला लागू नये म्हणून."

जिन्यावरच्या बाईला फोटो आणायला पाठवलं त्या रात्री मला ते वाक्य आठवलं. उद्या येणारी तर मीच होते, आणि माझी बेरीज रोज पहिल्यापासून चालली होती.

दुसऱ्या दिवसापासून वहीच्या प्रत्येक पानाच्या तळाशी एक रेघ मारून मी 'पुढे नेले' लिहायला सुरुवात केली. पहिल्यांदा लिहिलं ते निरुपयोगी होतं. 'ती अस्वस्थ आहे. आता संघर्ष वाढवायचा.' दुसऱ्या दिवशी वाचून काही हाती लागेना. अस्वस्थ म्हणजे कशी? हळूहळू कळलं की भावना लिहून ठेवून उपयोग नसतो, वस्तू लिहून ठेवाव्या लागतात. हातात काय आहे, तोंड कुठल्या दिशेला आहे, मागे कसला आवाज येतोय, पुढच्या वाक्याचे पहिले तीन शब्द कुठले. 'डाव्या हातात किल्ल्या. दाराकडे पाठ. शेजारी पंप चालू. तो म्हणतो, मला कुणी सांगितलं...' एवढं असलं की मी तीन-चार मिनिटांत आत. उठण्याआधीची तीन मिनिटं हे लिहिण्यात जातात, म्हणजे वीसमधली तेरा हातात राहतात. आठवड्याला ऐंशीची एकशेतीस मिनिटं झाली, घरातल्या कुणाकडूनही एक मिनिट न मागता.

ती तीन मिनिटं मिळतातच असं नाही. मूल हाक मारतं ते 'तीन मिनिटांनी हाक मारीन' असं सांगून मारत नाही. म्हणून मी क्रमच उलटा केला. बसल्याबसल्या, लिहायच्याही आधी, तळाची ओळ लिहून टाकायची: आज इथून इथे जायचंय. पोहोचले तर खोडून नवी. नाही पोहोचले तर निदान दिशा राहते. हे मी कुणाला शिकवत नाही, कारण ऐकताना ते फार क्षुल्लक वाटतं. पण मला विचाराल तर कादंबरी या रेघेखालच्या ओळींनी पूर्ण केली आहे.

बसमध्ये वहीत लिहिता येत नाही, म्हणून फोनला सांगून लिहून घ्यायला लागले. संवादांना ते छान जमतं. वर्णन अजिबात जमत नाही. बोलून केलेलं वर्णन भाषणासारखं फुगतं. फोनला विरामचिन्हं कळायची नाहीत आणि त्याचे कान अधूनमधून जायचे. 'ती जागच्या जागी थिजली' या वाक्याचं त्याने 'ती जागच्या जागी शिजली' केलं. हे मी तीन महिन्यांनी वाचलं आणि क्षणभर, फक्त क्षणभर, ठेवावं का असा विचार केला. एकदा गर्दीत मी हळू आवाजात, पण बहुधा पुरेशा हळू नाही, "त्याला त्या रात्रीच मारायला हवं होतं" असं सांगून घेतलं. शेजारची बाई पुढच्या थांब्यावर उतरली. तिचा थांबा तोच असेल अशी मी स्वतःची समजूत घातलेली आहे.

साडेतीन वर्षांत पहिला खर्डा झाला. ९१,००० शब्द. आठवड्याला जेमतेम पाचशे. रोजच्या रोज बघितलं तर लाज वाटावी असा आकडा. दर पाव तासाला अडीचशेवाला ट्रोलप तेवढं अर्ध्या तासात उरकायचा.

आणि मग धाकटा झाला आणि दीड वर्ष काहीही झालं नाही. या दीड वर्षाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. तेव्हा कुठलीही युक्ती चालली नाही आणि मी चालवलीही नाही. वही कपाटात होती, तळाला 'पुढे नेले' लिहिलेली. तिच्याकडे बघून अपराधी वाटायचं नाही एवढंच त्या ओळीचं श्रेय. कुठेतरी आकडा सुरक्षित आहे, असं वाटायचं.

पुनर्लेखन ही वेगळीच जात निघाली. नवं लिहिणं वीस मिनिटांत भागतं, कारण तेव्हा फक्त पुढचं पाऊल दिसलं तरी चालतं. पुनर्लेखनाला सगळी कादंबरी एकदम डोक्यात धरावी लागते. चौथ्या प्रकरणातला मामा काढला की सतराव्यातलं लग्न कोसळतं, आणि ते कोसळलेलं दिसायला दोन्ही प्रकरणं एकाच दिवशी डोळ्यांसमोर असावी लागतात. तुकड्यांत केलेलं पुनर्लेखन म्हणजे मी निव्वळ विशेषणं बदलत होते. सहा महिने विशेषणं बदलल्यावर मी नवऱ्याला म्हटलं, मला सलग आठ दिवस हवेत.

तो 'घे की' म्हणाला, पण लगेच नाही. आधी तो गप्प बसला आणि मग म्हणाला, "आठ दिवसांचं काही नाही गं. पण तू घरात असतेस तेव्हाही नसतेस, त्याचं काय करायचं?"

भांडण झालं. मी माझ्या बाजूने भक्कम आकडेवारी मांडली. मिनिटं माझ्याकडे लिहिलेलीच होती. मी आठवड्याला फक्त २०० मिनिटं घेते, तू रविवारी खेळायला जातोस ते जाऊन-येऊन एवढंच होतं. तो म्हणाला, "मी खेळून आलो की संपतं. तुझं संपत नाही." याला माझ्याकडे आकडा नव्हता. कारण ते खरं होतं. वही मिटल्यानंतरही बाई जिन्यावर असायची, मी भांडी आवरताना, मुलांना न्हाऊ घालताना, तो त्याच्या दिवसाबद्दल सांगत असताना. माझ्या २०० मिनिटांच्या हिशेबात ही उधारी कुठेच धरलेली नव्हती.

आठवडाभराने याचा पुरावाही मिळाला. थोरली तेव्हा सहाची. रात्री झोपताना शाळेतलं काहीतरी सांगत होती, कुणी कुणाला ढकललं, मग बाई काय म्हणाल्या. मी 'हं' म्हणत होते. 'हं' हा फार धोकेबाज शब्द आहे, तो आपोआप निघतो. ती सांगत गेली, मी हं हं करत गेले, आणि मग ती थांबली. मी वर बघितलं. ती माझ्याकडे टक लावून बघत होती.

"आत्ता मी सांगितलं की हत्तीने मला खाल्लं. तू हं म्हणालीस."

मी हसायला गेले, ती हसली नाही. म्हणाली, "आई, तू खरंखरं ऐकतेस की खोटं खोटं?"

मी त्या रात्री वही उघडली नाही. यात त्याग वगैरे नव्हता, उघडायची हिंमत झाली नाही. मग आमच्यात एक करार झाला. ती कधीही 'हत्ती' म्हणेल. मी हजर असेन तर मला तो शब्द ऐकू येईल आणि मी 'कुठाय?' म्हणेन. नाही म्हटलं तर दिवसभरातलं लिहिणं रद्द. सुरुवातीला आठवड्यातून चारदा हत्ती येऊन गेला आणि मला पत्ता नाही. चार दिवस रद्द, करार म्हणजे करार. मग कमी झालं. संपलं नाही. आता धाकटाही हत्ती सोडतो, बहुतेक वेळा काहीच सांगायचं नसताना, नुसतं तपासायला.

आठ दिवसांची रजा मिळाली. नवरा दोघांना घेऊन त्याच्या आईवडिलांकडे गेला. पहिले दोन दिवस मी झोपले. तिसऱ्या दिवशी घर इतकं शांत होतं की मला काही सुचेना, दर वीस मिनिटांनी मी आपोआप उठून उभी राहत होते. वीस मिनिटांची सवय हाडात गेली होती. चौथ्या दिवशी सगळी प्रकरणं जमिनीवर पसरली आणि मग मात्र पाच दिवस झपाटल्यासारखे गेले. ९१,००० चे ६४,००० झाले. मामा गेला. लग्न कोसळलं आणि त्याच्याखाली कादंबरी सापडली. दर रात्री आठला मुलांचा फोन यायचा. त्या पाच मिनिटांत मी इतकी हजर असायचे की थोरलीला संशय आला. "तू बरी आहेस ना?" म्हणाली.

त्यानंतर दोन प्रकाशकांकडून साभार परत. तिसऱ्याने घेतली. तिथल्या संपादकबाई फार बारकाईने वाचणाऱ्या. पहिल्याच भेटीत म्हणाल्या, "तुमची प्रकरणं हजारेक शब्दांतच तुटतात, आणि तुटतात तिथे बहुधा कुणीतरी कुणाला तरी हाक मारतं. ही रचना मला फार आवडली. जाणीवपूर्वक केलीत?"

मी 'हो' म्हणाले.

ॲलिस मन्रोने सांगून ठेवलंय की कथालेखिका व्हायचं तिने ठरवलेलं नव्हतं. घर आणि लहान मुलींत कादंबरीला लागेल एवढा सलग वेळ मिळेना, म्हणून कथा लिहिल्या. पहिला संग्रह आला १९६८ साली, तेव्हा ती सदतीस वर्षांची होती. पुढे २०१३ मध्ये तिला त्याच कथांसाठी नोबेल मिळालं आणि तिच्या रचनेवर प्रबंध लिहिले गेले. मी स्वतःला तिच्या रांगेत बसवत नाही. पण संपादकबाईंना खरं सांगायचं टाळताना मला तिची आठवण झाली आणि थोडा धीर आला.

छापायला जाण्याआधी एक काम उरलं होतं. कादंबरीतल्या छोट्या मुलीच्या तोंडी तीन वाक्यं थोरलीची होती, जशीच्या तशी, तिने चार-पाचची असताना म्हटलेली. मला ती इतकी माझी वाटायला लागली होती की प्रूफं तपासताना दचकायला झालं. ती आता साडेआठची होती. मी तिला तिन्ही वाक्यं वाचून दाखवली आणि विचारलं, घेऊ का? दोन वाक्यांना ती हसली, 'मी असं म्हटलं होतं?' तिसऱ्याला गप्प झाली. ते वाक्य धाकटा जन्माला आला त्या आठवड्यातलं होतं. "हे नको," म्हणाली. "हे माझं आहे."

मी काढलं. त्या जागी दुसरं घालून बघितलं, चौदा वेळा. ते प्रकरण आता किंचित लंगडतं. वाचणाऱ्याला कळत नाही, पण सबंध पुस्तकातलं सर्वांत चांगलं वाक्य होतं ते. इथेही लिहिणार नाही अर्थात.

या वर्षांत काय काय सुटलं त्याचीही नोंद असावी. वाचन निम्म्यावर आलं. दोन मैत्रिणींशी संबंध वाढदिवसाच्या निरोपापुरते उरले, त्यातल्या एकीशी तेवढेही नाहीत. ऑफिसात एक बढती दोनदा समोरून गेली. तिच्यासोबत येणारी संध्याकाळ मला परवडणारी नव्हती, म्हणून मी हात वर केला नाही. घर अस्ताव्यस्त असतं आणि आता त्याचं काही वाटत नाही, हे सुटलं यात धरायचं की मिळालं यात, ते ठरत नाही. तोल सांभाळणं असं ज्याला म्हणतात ते मला एकाही आठवड्यात जमलेलं नाही. एका आठवड्यात ऑफिसचं पारडं जमिनीला टेकतं, एकात मुलांचं. लिखाणाचं पारडं त्या आठ दिवसांत टेकलं होतं तेवढंच.

पुस्तक येऊन चार महिने झाल्यावर औषधांचा खण आवरायला काढला. मुदत संपलेल्या बाटल्या, पट्ट्या, तुटका थर्मामीटर. तळाशी एक घडी घातलेला कागद निघाला. थोरलीच्या कांजिण्यांच्या वेळी तापाची नोंद ठेवायला मी ऑफिसातला पाठकोरा कागद घेतला होता, तो. तारीख, वेळ, ताप, औषध असे चार रकाने, माझ्याच अक्षरात, रात्री-अपरात्री लिहिलेले. १०१.४. ५ मिली. २.१०. खाली पुन्हा ४.००, उतरलाय. आणि त्याच्याखाली, कडेला, तिरप्या ओळीत:

'ती वर नळ बंद करायला चाललीय.'

मी ते तीनदा वाचलं. कागद उलटून मागे बघितलं, मागे जुना ताळेबंद होता. पुन्हा पुढे बघितलं. नळच होता. सहा वर्षं मी ज्या कारणाच्या नावाने हळहळत होते, ज्याच्यासाठी खोलीत फेरी मारली होती, ते हे.

नवऱ्याला दाखवलं. त्याने वाचलं आणि विचारलं, "मग? वाहत होता का नळ?"

मला आठवत नाही.